वीस तासांत नेमकं काय शिकलो? सरकारी डिजिटल साक्षरता आणि आपले अनुभव

संगणकमास्तर

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात एक मावशी क्लासवर आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, २०१९ चं. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, उत्तीर्ण. त्या बॅचला मीच शिकवलं होतं. म्हणाल्या, "सर, लाडक्या बहिणीचं केवायसी राहिलंय, तेवढं करून द्या की. बाहेर शंभर रुपये मागायलेत."

मी म्हटलं, मावशी, फोन तुमचा, आधार तुमचं, तुम्हीच करा, मी शेजारी बसतो. त्या बसल्या. आधारचा एकेक आकडा सावकाश दाबत बरोबर भरला. ओटीपी आला तो फोनच्या वरच्या बाजूला चमकून गेला. "गेला की हो!" मेसेज कुठे सापडतो ते दाखवलं, तर तिथून परत मागच्या पानावर यायला जमेना. जमलं तोवर ओटीपीची मुदत संपली होती. तिसऱ्या खेपेला झालं. मग पुढची पायरी, नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. ते आधार जुन्या नंबरला जोडलेलं, तो नंबर थोरल्या मुलाच्या फोनमध्ये, मुलगा चाकणला कंपनीत, त्या वेळी पाळीवर. काम तिथेच अडलं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. वीस तास शिकवलं होतं मी त्यांना. परीक्षा झाली, पास झाल्या, देशाच्या आकड्यात एकाची भर पडली. आणि आज मेसेज उघडून मागे येता येत नाही. त्यांचा दोष मला कुठेच दिसत नाही. माझा किती आणि योजनेच्या आखणीचा किती, ते तुमच्याशी बोलावं म्हणून हा धागा.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २००३ पासून संगणकाचा क्लास चालवतो. आठ मशीनवर सुरुवात केली, आता चौदा आहेत. एमएस-सीआयटी शिकवलं, टायपिंग शिकवतो, आणि मधली दोन-अडीच वर्षं या अभियानाच्या बॅचेस घेतल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्रीय मंत्रिमंडळाने हे अभियान फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर केलं. त्याआधी २०१४ पासून राष्ट्रीय डिजिटल साक्षरता मिशन होतंच, पण त्याचं लक्ष्य साडेबावन्न लाख लोकांचं. इथे थेट सहा कोटी ग्रामीण कुटुंबं धरली. घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, घरात आधीपासून कुणी डिजिटल साक्षर नसावं, एकूण खर्च २,३५१ कोटी. मुदत मार्च २०१९ ची होती, ती वाढत गेली आणि ३१ मार्च २०२४ ला योजना संपली. तोवर ६.३९ कोटी लोकांचं प्रशिक्षण झाल्याची आणि त्यातल्या ४.७७ कोटींना प्रमाणपत्र मिळाल्याची नोंद आहे. एवढ्या लोकांपर्यंत पोचणं ही लहान गोष्ट नाही, आणि मी ते कमी लेखत नाही.

आता आतली बाजू. अभ्यासक्रम वीस तासांचा: यंत्राची ओळख, ते चालवणं, इंटरनेट, ईमेल वगैरे, आणि शेवटी डिजिटल पैसे व सरकारी सेवा. प्रशिक्षण देणाऱ्याला माणशी तीनशे रुपये, तेही उमेदवार परीक्षा पास झाल्यावर. म्हणजे तासाला पंधरा रुपये. त्यात मशीन, लाईटबिल, शिकवणारा, जागा. असा हिशोब असला की चांगल्या माणसाचंही लक्ष परीक्षेवर जातं. शेवटचे पाच-सहा तास मी प्रश्नांची तयारी करून घेत होतो, हे कबूल करतो.

आणि सुरुवातीचे तास कुठे जायचे? तुरीची रास चालू असायची त्या दिवसांत. बायका शेतातून यायच्या, अंगठा बायोमेट्रिकवर उठायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचा, डोक्याला घासायचा, पुन्हा लावायचा. अर्धा-पाऊण तास अंगठ्यातच. मग माऊस. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला की हात थांबायचा. उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो हे कुणी दाखवल्याशिवाय कळणार कसं? एक मावशी तर दोन्ही हातांनी धरायच्या, कणकेच्या गोळ्यासारखा. त्यांचा हात धरून मी "सैल सोडा, सैल सोडा" म्हणत राहायचो. दोन दिवस त्यात. तिसऱ्या दिवशी जरा हात बसतोय तोवर पासवर्ड, चौथ्या दिवशी ईमेल. ईमेल आयडी सगळ्यांचे मीच काढून दिले.

नंतर ज्या गोष्टीने मला पोखरलं ती ही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम साडेचार घरांत संगणक होता. म्हणजे ज्या यंत्रावर आम्ही हात बसवला, ते त्या बायांच्या हाती पुन्हा आलंच नाही. आणि जो स्मार्टफोन पुढच्या दोन-तीन वर्षांत घराघरांत आला, त्यावर त्या वीस तासांतला एक तासही मी खर्च केला नव्हता.

माझं म्हणणं असं आहे. सरकार आता रोज लोकांना स्क्रीनसमोर उभं करतं: केवायसी, पीक पाहणी, हजेरी, दाखले. पण शिकवतं एकदाच, दुसऱ्याच यंत्रावर, आणि मोजतं ते प्रमाणपत्र. शिकून झाल्यावर सहा महिने शेजारी बसणारं माणूस हवं, त्याचा पैसा कुठल्याच योजनेत धरलेला नाही. तुम्ही शिकवलं असेल, शिकला असाल, किंवा अशा ॲपवर रोज काम करत असाल तर लिहा. नुसतं "सरकार असंच" एवढं नको, घडलेलं लिहा.

निवृत्त_गुरुजी

मास्तर, धागा मनापासून आवडला. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. एमएस-सीआयटी आमच्यासाठी सक्तीची झाली तेव्हाची गोष्ट सांगतो. ३१ डिसेंबर २००७ ही शेवटची तारीख. तोवर पास नाही तर वेतनवाढ बंद, आणि दिलेली असेल तर वसुली. त्या वसुलीचे वाद पुढे कितीतरी वर्षं चालले.

मी तेव्हा अट्ठेचाळीस वर्षांचा. शाळा सुटली की एसटीने अठरा किलोमीटर जायचं, तासभर शिकायचं, शेवटच्या गाडीने परत. माझ्या बॅचला माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. ती मला 'सेव्ह ॲज' शिकवायची. पास झालो. आणि शाळेत संगणक आला त्यानंतर तीन वर्षांनी! तोवर मी 'सेव्ह ॲज' सोडा, मशीन बंद कसं करायचं तेही विसरलो होतो.

पण दुसरी बाजूही लिहितो, कारण तुम्ही घडलेलं लिहा म्हणालात. सक्ती नसती तर मी त्या एसटीत बसलोच नसतो. भीती तिथे गेली. पुढे मुलांची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली तेव्हा माझ्याहून तरुण शिक्षक घाबरले, मी घाबरलो नाही. सक्तीने दार उघडलं हे खरं. दार उघडून आत जे द्यायला हवं होतं ते तीन वर्षं उशिरा आलं, तेही खरं.

संगणकमास्तर

गुरुजी, अगदी. एमएस-सीआयटी २००२ पासून चालू आहे, आणि त्यामागे नोकरीची अट होती म्हणूनच ती एवढी पसरली. लोक पदरचे पैसे भरून यायचे. त्यामुळे "सर, हे समजलं नाही, परत सांगा" असं हक्काने म्हणायचे. फुकटच्या बॅचमध्ये हे मला क्वचित ऐकू आलं. मावशी लोकांना वाटायचं, सर एवढं करतायत, परत परत कसं विचारावं?

मोजपट्टी

मास्तर, कळकळ पोचली, पण थोडा विरोध नोंदवतो. मी स्वतः काही वर्षं कौशल्य प्रशिक्षणाच्या केंद्रांची तपासणी करायचो.

पैसे पास होण्याशी बांधले म्हणून तुम्ही नाराज आहात. ते बांधले नसते तर काय झालं असतं ते मी पाहिलं आहे. हजेरीपत्रकात तीस नावं, खोलीत सहा खुर्च्या. आधार आणि अंगठा त्रासदायक होते हे मान्य, पण त्याशिवाय कागदावरच्या बॅचेस रोखायच्या कशा? आणि तीनशे रुपये कमी आहेत म्हणता, ते सहा कोटींनी गुणून बघा. माणशी तीन हजार धरले तर अठरा हजार कोटी होतात. कुठल्या खात्याला झेपेल?

दुसरं, मोजू नका असं कुणी म्हणू नये. २०२०-२१ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ ते २९ वयाच्या तरुणांना विचारलं होतं, फाइल जोडून ईमेल पाठवता येतो का. साधारण चारातल्या एकालाच येत होता. हे तरुणांचं! असं मोजलं म्हणून तर कळलं.

संगणकमास्तर

मोजपट्टी, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य करावाच लागेल, तशी केंद्रं मीही पाहिली आहेत. पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. त्या पाहणीने विचारलं, "तुम्हाला येतं का?" प्रमाणपत्र आहे का, असं विचारलं नाही. तसं आपण का करू नये? तीनशेमधले शंभर परीक्षेनंतर लगेच द्या, दोनशे सहा महिन्यांनी. तेव्हा शंभरातल्या पाच जणांकडे कुणीतरी जाऊन बसावं आणि म्हणावं, "मावशी, जरा वीजबिल भरून दाखवा." जमलं तर केंद्राला पैसे. असं असतं तर मी स्वतः दर महिन्याला माझ्या जुन्या बॅचेसच्या घरी गेलो असतो.

मोजपट्टी

हे पटतं. पाच टक्के लोकांकडे जाण्याचा खर्च फार नाही. यात एकच भर: तपासणारा आणि शिकवणारा एकाच संस्थेचा नसावा.

पर्यवेक्षिका_ताई

मी एकात्मिक बाल विकास योजनेत पर्यवेक्षिका आहे. माझ्या बीटमध्ये तेवीस अंगणवाड्या. तुमचं "शिकवतात दुसऱ्या यंत्रावर" वाचलं आणि लिहायला बसले.

आमच्या सेविकांना आधी कॅस नावाचं ॲप होतं. ते मराठीत होतं. दहावी झालेल्या, पन्नाशीच्या सेविका त्यावर गृहभेटी, वजनं, सगळं भरायच्या. वेळ लागला, पण हात बसला होता. मग मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. इंग्रजीत. फोन तेच, दोन जीबी रॅमचे, ॲप उघडलं की तापायचे. माझी एक सेविका, पंचवीस वर्षं नोकरी. रजिस्टर इतकं सुंदर की तालुक्याला दाखवायला न्यायचो. ती मला फोन करून अक्षरं वाचून दाखवायची. "ताई, एच ई आय जी एच टी म्हणजे वजन का उंची?" उंचीच्या रकान्यात वजन पडायचं, आणि मूल एका दिवसात अतितीव्र कुपोषित दिसायचं. मग वरून मला विचारणा. त्या बाईला कुणी अडाणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला काम येत होतं. ॲपला तिची भाषा येत नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन शासनाला परत केले, ते तुम्हाला आठवत असेल. पेपरात आलं की कामाला नको म्हणतात. नको म्हणत नव्हत्या. मराठी द्या, चालणारा फोन द्या, एवढंच म्हणत होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. पुढे ॲप मराठीत आलं, नवे फोन आले, काम सुरळीत झालं.

आणि २०२४ मध्ये काय झालं ते बघा. लाडक्या बहिणीचे अर्ज. नारीशक्ती दूत ॲप मराठीत, अर्जामागे पन्नास रुपये सेविकेला जाहीर झालेले, आणि दारात रांग. माझ्या त्याच सेविकेने एकटीने तीनशेच्या वर अर्ज भरले. फोटो काढायचा, कागद अपलोड करायचा, हमीपत्राचा फोटो अंधुक आला तर परत. तिला हे कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. शेजारच्या अंगणवाडीतली सेविका आणि ती, दोघी रात्री समाजमंदिरात बसून एकमेकींना विचारत शिकल्या.

आता चेहरा ओळखून आहार द्यायची पद्धत आली आहे, जुलै २०२५ पासून सक्तीची. प्रशिक्षण म्हणजे एक बैठक आणि व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ. तांड्यावर रेंज नसते. आई ऊसतोडीला गेलेली असते, आजी मुलाला घेऊन येते. अशा वेळी काय करायचं, ते त्या व्हिडिओत नाही.

हमारेकारकून

पर्यवेक्षिका ताई, भाषेचा मुद्दा लाखमोलाचा. पंचायत समितीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली पंधरा टाइपरायटरवर. मराठी चाळीसची परीक्षा पास होतो, डोळे मिटून टाइप करायचो. संगणक आला तेव्हा दुःख संगणकाचं नव्हतं. आमच्या ऑफिसात एक फाँट, जिल्ह्याला दुसरा. इथून पाठवलेलं पत्र तिथे उघडलं की नुसता अक्षरांचा काला. मग युनिकोड आलं, म्हणजे कुठेही उघडलं तरी तेच अक्षर दिसणारी पद्धत, आणि त्यासाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची नवी मांडणी शिका म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं बोटांत बसलेली जागा सोडायची. आदेश आला, प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं.

आम्हाला शिकवलं कुणी, तर आमच्याच आस्थापना शाखेतल्या एका नव्या मुलीने. तिने रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि माझ्या टेबलावर टाचला. जेवणाच्या सुट्टीत रोज दहा ओळी टाइप करून घ्यायची. महिन्याभरात हात वळला. हा प्रतिसाद मी त्याच इनस्क्रिप्टने लिहितोय. तिच्या त्या महिन्याची नोंद कुठल्या प्रशिक्षण अहवालात नाही, गोपनीय अहवालात नाही. खरं तर ती असायला हवी होती.

मुक्काम_सिंगापूर

मूळ सांगलीचा, गेली चौदा वर्षं इथे. सिंगापूरचं कौतुक सांगायला आलेलो नाही. साठ लाखांचं शहर आणि आपला देश यांची तुलनाच होत नाही. पण दोन गोष्टी या चर्चेला जोडून सांगाव्या वाटल्या.

इथे २०१५ मध्ये स्किल्सफ्युचर सुरू झालं. २०१६ पासून पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर पाचशे डॉलरचं क्रेडिट, मान्यताप्राप्त कोर्सला वापरायचं. २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी चार हजार दिले. मी पीआर आहे, म्हणजे कायम रहिवासी, नागरिक नाही, त्यामुळे मला ते नाही, सहकाऱ्यांचं बघतो. मोजपट्टी म्हणतात त्या कागदी बॅचेस इथेही झाल्या बरं का. २०१७ मध्ये एका टोळीने बनावट कंपन्या आणि न झालेले कोर्स दाखवून जवळजवळ चार कोटी सिंगापूर डॉलर लाटले. पुढे खटले होऊन शिक्षा झाल्या. तेव्हा घोटाळे आपल्याच मातीत उगवतात असं मनातून काढून टाका.

दुसरी गोष्ट मास्तरांच्या मुद्द्याची. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, सरकारने एक हजार डिजिटल ॲम्बॅसडर नेमायचं ठरवलं. हे लोक हॉकर सेंटरला जायचे, म्हणजे आपल्याकडच्या खाऊगल्लीसारख्या जागी, जिथे साठी-सत्तरीचे म्हातारे नूडल्स विकतात. ठेल्यापाशी उभं राहून त्यांना क्यूआरने पैसे कसे येतात ते शिकवायचे, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच फोनवर. माझ्या घराखाली एक कॉफीवाले आजोबा आहेत. त्यांच्याकडे ती मुलगी चार-पाच वेळा आलेली मी पाहिली. आजोबांना "पैसे आले" यावर विश्वास बसत नव्हता, म्हणून ती स्वतः एक डॉलर पाठवायची, आणि ते चष्मा वर करून बघायचे. कम्युनिटी सेंटरात आणि वाचनालयांतही मदतीची टेबलं आहेत, तिथे जाऊन विचारायचं. प्रमाणपत्र वगैरे काही नाही.

परिचालक_ग्रापं

सिंगापूरकर दादा, हजार ॲम्बॅसडर म्हणालात ना, महाराष्ट्रात ते होते. गावोगाव होते. आम्हीच ते.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. २०११ मध्ये संग्राम प्रकल्प आला तेव्हापासून, नंतर आपले सरकार सेवा केंद्र. जन्मनोंद, रहिवासी दाखला, घरकुलाची यादी, मनरेगाची मस्टर, पंधराव्या वित्त आयोगाचे ऑनलाइन पेमेंट, कोविडमध्ये लसीची नोंदणी. गावातल्या ज्याला फोनमधलं काही अडलं तो आमच्याकडे. ओटीपी, पासवर्ड, पेन्शनचा हयातीचा दाखला. कुणी नेमून दिलं नव्हतं, पण नाही कसं म्हणणार, गाव आपलंच.

आमचं मानधन कित्येक वर्षं सहा-सात हजार. तेही तीन-तीन महिने थांबायचं. ग्रामपंचायतीकडून आमच्या नावावर महिन्याला बारा हजारांच्या वर जायचे आणि मधल्या कंपनीकडून आम्हाला निम्मे मिळायचे. यासाठी किती वेळा आझाद मैदानावर बसलो, त्याची मोजदाद नाही. माझ्या बरोबरीचे दोघे सोडून गेले, एक पुण्यात डिलिव्हरी करतो. त्याच्याइतका हुशार पोरगा पंचक्रोशीत नव्हता, जिल्ह्याचं पोर्टल बिघडलं की वरचे साहेब त्याला फोन करायचे.

सरकार सहा कोटी लोकांना डिजिटल करायला निघालं, चांगलंच आहे. पण ज्याला आधीच येत होतं आणि जो गावाला रोज शिकवत होता, त्याला कर्मचारी म्हणायला कुणी तयार नाही.

संगणकमास्तर

परिचालक भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी "शेजारी बसणारं माणूस कुठल्याच योजनेत धरलेलं नाही" असं लिहिलं होतं. ते अर्धवट होतं. माणूस होतं, त्याचं काम फक्त दाखल्यांच्या संख्येत मोजलं गेलं.

शिवारातला

शेतकऱ्याच्या बाजूने थोडं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. आपल्या बांधावर उभं राहून आपणच पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची. पूर्वी तलाठी येईल तेव्हा यायचा आणि पारावर बसून लिहायचा, त्यामुळे कल्पना मला पहिल्यापासून आवडली. नोंद नसेल तर नुकसानभरपाईला, सरकारी खरेदीला अडचण, म्हणून सगळ्यांनी मनावर घेतलं. वडिलांचं वय बहात्तर. त्यांना मी शिकवलं नाही, नातवाने शिकवलं. गट नंबर निवडायचा, अक्षांश-रेखांश येईपर्यंत फोन आडवा न करता थांबायचं. ते आता स्वतः करतात, आणि भावकीतल्या चौघांचं करून देतात.

पहिल्या वर्षी मात्र सर्व्हर बंद, तारीख वाढवा, पुन्हा बंद, असं चाललं. रात्री अकरा वाजता चालायचं, म्हणून आम्ही रात्री बॅटरी घेऊन सोयाबीनमध्ये उभे. आता गावोगाव सहाय्यक नेमलेत, राहिलेली पाहणी ते करतात. त्याचा एक तोटा दिसतोय. माणसं म्हणतात, तो करेल, आपण कशाला शिका. मास्तर, शेजारी बसणारं माणूस हवं हे खरं, पण त्याने फोन आपल्या हातात घेता कामा नये.

संगणकमास्तर

हे सगळ्यांनी लिहून ठेवावं असं वाक्य आहे. मीही कित्येकदा घाईत माऊस स्वतःच्या हातात घेतला आहे. तो एक क्षण वाचतो, पण समोरचा माणूस एक पाऊल मागे जातो.

आत्तेभाची

मी बी.कॉम. झाले आणि २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात लागले. सहा महिने, महिन्याला दहा हजार विद्यावेतन. एका सरकारी कार्यालयात दिलं. पहिला महिना झेरॉक्स आणि फाइली उचलणं. मग एका बाईंनी एक्सेलमधली यादी दिली, साडेचार हजार नावं, दुबार शोधायची. मला येत नव्हतं. घरी येऊन व्हिडिओ बघितले, दुसऱ्या दिवशी केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला काम येतं. पुढे मुदत वाढली, नंतर संपली, आणि आता घरी आहे. प्रमाणपत्रावर "प्रशिक्षण पूर्ण" एवढंच लिहिलंय. मला काय येतं ते त्यात कुठेच नाही. मुलाखतीत ते कागदावरून कसं सांगायचं?

मोजपट्टी

आत्तेभाची, प्रमाणपत्राची वाट बघू नका. ज्या बाईंनी यादी दिली त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: अमुक यादी, एवढी नावं, अमुक दिवसांत तपासली. मुलाखतीला लॅपटॉप मागा आणि तशीच छोटी यादी समोर करून दाखवा. मी मुलाखती घेतल्या आहेत, याचा परिणाम होतो.

पर्यवेक्षिका_ताई

संगणकमास्तर, एक विचारू का? तुमचा तालुका माझ्या शेजारचाच दिसतोय, "मागायलेत" वरून ओळखलं. माझ्या सेविकांना चेहरा ओळखीचं ते काम आणि मेसेजमधून मागे-पुढे येणं, एवढंच कुणीतरी हातात फोन देऊन शिकवावं असं फार वाटतंय. शनिवारी दुपारी त्या मोकळ्या असतात. सरकारी पैसा यात नाही, आधीच सांगते.

संगणकमास्तर

ताई, पैशाचं राहू द्या. शनिवारी दोनला या. माझ्याकडे खुर्च्या चौदा, तेव्हा दोन गट करू, एक दोन ते साडेतीन, दुसरा साडेतीन ते पाच. संगणक चालू करणार नाही. प्रत्येकीने आपलाच फोन आणायचा, पूर्ण चार्ज करून, कारण लाईटचा भरवसा नाही आणि माझा इन्व्हर्टर दीड तासच चालतो. त्या मावशींनाही बोलावतो, त्यांचा मुलगा या शनिवारी सुट्टीवर येतोय, ओटीपीचं काम तिथेच होईल.

परिचालक_ग्रापं

मास्तर, मीपण येतो. माझ्या गावाहून बावीस किलोमीटर आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.

पर्यवेक्षिका_ताई

सतरा जणींनी हो म्हटलंय. दोघींची लहान मुलं आहेत, बरोबर आणली तर चालेल ना?

संगणकमास्तर

चालेल. मागच्या खोलीत सतरंजी टाकतो.